पांढऱ्या निशाणाची घाई

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात, बियाण्यांच्या कंपनीत, कपाशीचे मोड मोजत होते. हातातला ट्रे पूर्ण केला आणि मग बदनापूरला निघाले. वर्षभर आजारी होता, अचानक असं काही नव्हतं. आता दीड महिना झाला. थकवा तेवढा उरलाय...

माझा हा थोरला भाऊ ऐंशीच्या दशकात जालन्याबाहेरच्या धावपट्टीवर निशाणं दाखवायचा. कपाशीवर फवारणी करणारं एक जुनं दुपंखी विमान तिथे उतरे. लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड, रेडिओ नाही. लाल निशाण म्हणजे थांब, पांढरं म्हणजे उतर. मोठं विमान उतरलं की त्याच्यामागे हवेत भोवरे राहतात. ते दिसत नाहीत, वारा पडलेला असला तर लवकर हलतही नाहीत, आणि हलकं विमान त्यात सापडलं की उलटतं. म्हणून ते दुपंखी उडवणाऱ्या कॅप्टनसाहेबांनी भाऊला बजावलं होतं : मोठ्यामागे एक अख्खी बिडी ओढून होईपर्यंत लालच. भाऊकडे घड्याळ नव्हतं, बिडी कायम असायची.

एका दुपारी कुणा पाहुण्यांचं मोठं विमान उतरलं. भाऊने बिडी पेटवली, तेवढ्यात स्वागताला आलेले एक साहेब जवळ येऊन उभे राहिले. भाऊने बिडी पायाखाली विझवली. मोठ्या माणसासमोर ओढायची नाही, हे आमच्या घरचं वळण.

"ते खटारं कवर घिरट्या घालून राह्यलं? उतरव जल्दी," साहेब म्हणाले.

भाऊने अंदाजाने पांढरं दाखवलं. जमिनीपाशी येता येता विमान एका अंगावर कलंडलं. पंख मोडले, कॅप्टनसाहेबांचा पाय कायमचा निकामी झाला.

चौकशीत त्यांनी सांगितलं, निशाण लालच होतं, मीच घाई केली. भाऊ रडत दवाखान्यात गेला तर त्यालाच झापलं, "गप्प बस. मी काही आता उडणार नाही. तुझी नोकरी कशाला घालवू?" मीही भाऊला तेच सांगितलं. नोकरी राहिली. कॅप्टनसाहेब मात्र हलगर्जी ठरले, आणि तो ठपका घेऊनच काही वर्षांनी वारले.

शेवटच्या भेटीत भाऊ म्हणाला, "सुमे, त्यायच्या नावावरची चूक माझी हाय. पेपरात लिही."

"आता कोण वाचणार?"

"न्हाई वाचलं तर न्हाई. पर मी गेल्यावर लिही. आत्ताच लिहिलंस तर तुझी वहिनी मला भाकर द्यायची न्हाई."

तर लिहिते. निशाण पांढरं होतं. ते माझ्या भावाने दाखवलं, आणि गप्प राहा असं मी सांगितलं.

परवा बदनापूरला गेले होते. घरासमोरून मोठा ट्रक गेला. रस्ता मोकळा झाला तरी वहिनी जागची हलेना. त्या अपघातानंतर तीस वर्षं, मोठी गाडी गेली की भाऊ असाच तिचा दंड धरून तिला थांबवायचा.

"चला की, वहिनी."

"थांबा वो वन्सं, जरा."

धूळ खाली बसली. मग आम्ही निघालो.