सातवी पाचर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाचं खरं नाव कंपनीच्या रजिस्टरात असेल तेवढंच. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लटकवलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणायचे. लग्नात बायकोने नाव घेतलं तेव्हा त्याच्या सोबत्यांना वाटलं, ही दुसऱ्याच कुणाला तरी हार घालतेय.

तीस वर्षं एकच काम केलेलं. त्याच्या पिशवीत एक पत्र्याची डबी असे आणि त्या डबीत बांबूच्या सात पाचरी. बोटाच्या पेराएवढ्या, लाल रंग दिलेल्या. लिफ्टच्या माथ्यावर जी मशीनची खोली असते, तिथल्या पॅनलमध्ये रिले असतात, म्हणजे हुकूम आला की चालू आणि हुकूम संपला की बंद होणाऱ्या कळा. त्यातली एखादी चालूच राहून अडकली, की कुणी बटण दाबलेलं नसताना लिफ्ट वरखाली धावत सुटते. मग त्या कळेच्या पात्यांत पाचर सारायची, तिला गप्प करायचं आणि निवांतपणे दोष शोधायचा. दोष दुरुस्त झाला की पाचर काढायची. निघताना डबीत मोजायच्या, सात भरल्या की घरी. हे टेस्टरला त्याच्या उस्तादाने शिकवलं आणि उस्तादाला त्याच्या गेलेल्या तीन बोटांनी. एकदा दाराच्या रिलेत पाचर विसरून उस्तादाने मिटत्या दारात हात घातला, आणि दार थांबलंच नाही. तेव्हापासून टेस्टरच्या मनात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकलेली होती, की काम झाल्यावर पाचर आत ठेवून जातो तो मेकॅनिक नव्हेच.

तर असा हा धडधाकट माणूस. दोन वर्षांपूर्वी कंपनीने सगळ्यांच्या रक्ताची तपासणी केली. संध्याकाळी फोन आला, उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात या, बायकोला घेऊन या. अकरा हजाराच्या आत असायच्या त्या पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार निघाल्या होत्या. टेस्टर हसलाच. म्हणाला, शून्य जास्त पडलं असेल. त्याला काय होत होतं? जिना चढताना थोडा दम लागे आणि चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटे. बस्स, एवढंच. त्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, हा रक्ताचा कॅन्सर आहे. टेस्टरची बायको खुर्चीत होती तशीच राहिली, आणि त्याला स्वतःला वाटलं, आपण एखाद्या मजल्यावर पाय टाकला आणि खाली लिफ्टच नाही.

डॉक्टरबाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. कागदावर गोल काढून त्यांनी सांगितलं, "काका, पेशीला बाहेरून निरोप येतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा हातोहात आत पोचतो. वाढायचं, थांबायचं, मरायचं, सगळं त्या निरोपावर चालतं. तुमच्या पेशींत दोन तुकडे तुटून भलत्याच जागी जोडले गेलेत आणि त्यातून एक बिघडलेली कळ तयार झालीय. तिला कुणी निरोप दिलेला नसतो, तरी ती 'वाढा, वाढा' सांगतच राहते."

"कळ अडकलीय," टेस्टर म्हणाला.

"अगदी बरोबर. आणि तिला जिथून ताकद मिळते, त्या खाचेत ही गोळी जाऊन बसते. मग ती गप्प."

"म्हणजे पाचर."

"हो, पाचरच म्हणा," डॉक्टरबाई खूश होऊन म्हणाल्या. इतक्या लवकर समजणारा पेशंट त्यांना कधी मिळाला नसावा. पण पाचरीचा अर्धाच कायदा त्यांना ठाऊक होता. उरलेला अर्धा टेस्टरच्या डोक्यात होता, आणि तो विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गोळी सुरू झाली. रोज नाश्ता झाला की बायको एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी. त्यात खाडा नाही. आकडा भराभर उतरला. डोळ्यांखाली सूज यायची, पिंढऱ्यांत गोळे यायचे, पण टेस्टर पुन्हा पंधरा मजले चढू लागला. दीड वर्षाने डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. "काका, कमाल आहे. रक्तात तो दोष आता सापडतच नाही." मग पुढची चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "गोळी मात्र चालूच ठेवायची."

झालं. पहिलं वाक्य टेस्टरने मनात जपून ठेवलं आणि दुसरं, कंपनीच्या पुस्तकात दर महिन्याला तेल घाला म्हणून लिहिलेलं असतं, त्यातलंच समजून सोडून दिलं. दोष नाही ना? मग पाचर आत कशाला? उगाच बायकोशी वाद नको, म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळी गालात धरली, वर पाणी प्यायला आणि जिन्यात जाऊन ती काढून कागदात गुंडाळली. सुटा भाग फेकायचा नाही ही त्याची सवय, म्हणून गोळ्या पिशवीतल्या ग्रीसच्या रिकाम्या डब्यात साठत गेल्या. डोळ्यांची सूज ओसरली, पिंढऱ्या मोकळ्या झाल्या. पठ्ठ्या स्वतःवर खूश. मधली एक तपासणीही त्याने काम जास्त आहे सांगून पुढे ढकलली.

पावणेचार महिन्यांनी मात्र बायकोने कानाला धरून नेल्यासारखं तपासणीला नेलं. आठवड्याने दोघं रिपोर्टसाठी गेली. टेस्टर कामावरूनच आला होता, पिशवी पायाशी.

डॉक्टरबाई आज कागद पुढे सरकवेनात. "पेशी साठ हजारांवर गेल्यात," त्या म्हणाल्या. "दोष परत वर आलाय. काका, गोळ्या चुकल्या का?"

टेस्टर काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "एक दिवस चुकली नाही, डॉक्टर. मी स्वतः देते. माझ्यासमोर घेतात."

डॉक्टरबाईंचा चेहरा आणखी उतरला. "मग वाईट आहे. गोळी चालू असताना असं होतं, तेव्हा बहुतेक त्या खाचेचा आकारच बदललेला असतो. गोळी तिथे बसत नाही. पुढचं औषध जास्त कडक आहे, ते हृदयाला त्रास देऊ शकतं. आणि यांना भाऊ-बहीण आहेत का? त्यांच्या मूळ पेशी यांना द्यायची वेळ आली तर आत्तापासून तयारी हवी."

"धाकटा भाऊ आहे," बायको म्हणाली, आणि तिने पर्समधून फोन काढला. ती दिराचा नंबर शोधू लागली.

टेस्टर बघत होता. आयुष्यभर त्याने एकाच गोष्टीवरून लोकांशी भांडणं केली होती. पॅनल उघडून बघावं तर कुणीतरी खुशाल वायर ओढलेली, आणि सोसायटीचा माणूस शपथेवर सांगणार, कुणी हात लावला नाही हो. मग टेस्टर तीन तीन दिवस भलत्याच जागी दोष शोधायचा आणि शिव्या घालायचा. आज तोच इथे गप्प बसला होता. गोळीच्या नसलेल्या दोषावर कडक औषध येणार होतं, भावाला सुया टोचल्या जाणार होत्या. त्याला स्वतःची शिसारी आली.

"फोन ठेव," तो म्हणाला. पिशवी उघडून त्याने ग्रीसचा डबा काढला आणि टेबलावर पालथा केला. कागदाच्या पुड्या घरंगळल्या. "एकशे अठरा आहेत. गोळीचा दोष नाही, डॉक्टर. मी काढली."

डॉक्टरबाईंनी एक पुडी उलगडली, आतली गोळी बघितली आणि डोकं धरून बसल्या. बायकोचा फोन अजून हातात होता. ती टेबलाकडेच बघत म्हणाली, "मी रोज पाणी देत होते."

एवढंच. ती ओरडली असती तर टेस्टरला बरं वाटलं असतं.

डॉक्टरबाईंनी रागावून, मग शांतपणे सांगितलं. दोष गेला नव्हता. हाडांच्या आत तो दडलेला होता, गोळीने फक्त दाबून धरलेला. यंत्राला सापडत नाही म्हणजे नाही असं होत नाही. काहींची गोळी पुढे बंद करता येते, पण कित्येक वर्षांनी आणि दर महिन्याला तपासून. आजपासून तीच गोळी पुन्हा घ्यायची. बहुतेक चालेल, पण खात्री आता देता येत नाही.

खाली जाताना बायको लिफ्टकडे वळलीच नाही. पाच मजले ती जिन्याने उतरली आणि मागून टेस्टर, पिशवी सांभाळत.

घरी तिने चहा ठेवला, एकच कप. मग विचारलं, "पाचर म्हणजे काय ते सांगा मला." त्याने डबी उघडून दाखवली. उस्तादाच्या बोटांची गोष्ट सांगितली, सात मोजायची सवय सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दुरुस्त झाल्यावर काढायची ना?"

"हो."

"झालं होतं का दुरुस्त?"

टेस्टरने डबी तिच्याकडे सरकवली.

तिने डबीतली एक लाल पाचर उचलली आणि गोळ्यांच्या फळीवर, भिंतीच्या फटीत अंगठ्याने दाबून बसवली. "ही लावलेली आहे," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत हिला हात लावायचा नाही."

तीन महिने झाले. आकडा उतरतोय, पण पहिल्यासारखा भराभर नाही. गोळी गिळल्यावर आता तो बायकोसमोर तोंड उघडून दाखवतो, आणि ती खरंच वाकून आत बघते. काम संपलं की टेस्टर मशीनच्या खोलीत डबी उघडून मोजतो. सहा भरतात. दर वेळी हात आपोआप पॅनलकडे जातो, कुठली आत राहिली म्हणून. मग त्याला आठवतं, आणि तो डबी बंद करून घरी जातो.