फुटलेल्या तावदानाचं खरंखोटं

काचवाला आपल्या लेकीला, बबडीला, उठताबसता दोनच गोष्टी बजावायचा. खोटं बोलायचं नाही, आणि अडल्यानडल्याकडे पाठ फिरवायची नाही. बायको म्हणायची, "अहो, तिला निदान घास तरी गिळू द्या." पण हा कसला ऐकतोय!

एकदा शाळेतून निरोप आला, वर्गाचं तावदान फुटलंय, नवं बसवून द्या. हत्यारांची पिशवी घेऊन तो पोचला, तर मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बबडीच मान खाली घालून उभी.

"हिनेच फोडलंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "मैदानातून चेंडू मारला. विचारल्याबरोबर कबूल मात्र केलं हो. तरी नीट समज द्या."

काचवाल्याला रागही आला आणि ऊरही भरून आला. काही झालं तरी पोर खरं बोलली! त्याच खुशीत त्याने चौकटीतली जुनी पुट्टी खरवडली, तुकडे गोळा करायला वाकला आणि थबकला. वर्ग अजून कुणी झाडलाही नव्हता, तरी आत जेमतेम दोन-चार कपच्या. सगळा खच बाहेर, कुंड्यांमध्ये. म्हणजे काच आतून फुटली होती.

मधल्या सुट्टीत त्याने बबडीला जिन्याखाली गाठलं. "खरं सांग, कुणी फोडलं?"

तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या वर्गातल्या चिमणीने. दप्तर फिरवताना लागलं. बाबा, तिच्या घरी तिला पट्ट्याने मारतात. मी वळ पाहिलेत."

"म्हणून तू खोटं बोललीस?"

"अडलेल्याकडे पाठ फिरवायची नाही, तुम्हीच म्हणता ना?"

"खोटं बोलायचं नाही, हेही मीच म्हणतो!"

"हो, पण दोन्ही एकदम कसं करायचं, ते कुठे सांगितलंत?"

काचवाल्याने रागवायला उचललेला हात तिच्या डोक्यावर कधी फिरला, त्याचं त्यालाच कळलं नाही. मग वाटलं, अरे, हे तर खोट्याला शाबासकी दिल्यासारखं झालं! हात झटकन मागे घेतला. पोर बिचारी बघतच राहिली.

"दिलीत समज?" नवी काच बसवून, शाळा सुटल्यावर तो निघाला तेव्हा मोठ्या बाईंनी विचारलं.

"दिली," तो म्हणाला. मग दारातून परत फिरला आणि चिमणीच्या वळांचं सगळं सांगून टाकलं. काचेचं मात्र गिळलं. बाई गंभीर झाल्या. "बरं झालं बोललात. उद्याच तिच्या आईला बोलावते," म्हणाल्या.

घरी जाताना बबडीने विचारलं, "बाईंना काचेचं खरं सांगितलंत?"

"नाही."

"म्हणजे आपण दोघंही खोटं बोललो?"

हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. "मला जरा विचार करू दे," काचवाला म्हणाला. घर आलं, तरी त्याचा विचार चालूच होता.