दहावी सही

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंना मुलं पाठीमागे ‘जुळत नाही मॅडम’ म्हणत. अर्ज कसलाही असो, बाई त्यावरची सही ओळखपत्रावरच्या सहीशेजारी धरत, आणि वेलांटी जराशी इकडची तिकडे झाली की कागद खिडकीतून परत. एकदा तर प्राचार्यांचाच कागद त्यांनी परत पाठवला होता.

त्या खिडकीत शेवटच्या वर्षाचा एक उंच मुलगा समलिंगी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा अर्ज घेऊन आला. आठवड्यातून एकदा एकत्र बसायला, गप्पा मारायला, कुणी खचलं असेल तर त्याला सावरायला एक खोली हवी होती. नियम सगळ्या मंडळांना एकच: कॉलेजातल्या दहा व्यक्तींच्या सह्या महिनाअखेरच्या शुक्रवारी चारपर्यंत, आणि यादी नोटीस बोर्डावर. नाहीतर पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी हा मुलगा कॉलेजात नसणार होता.

नऊ सह्या झाल्या. एका मुलीची सही इतकी थरथरली होती की काही केल्या जुळेना. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. “बस. पाणी पी. मग कर, मला घाई नाही.”

शुक्रवारी साडेतीनला मुलगा आला तो चेहरा पाडूनच. “मॅडम, दहावा नाही म्हणतोय. बोर्डावर नाव लागणार म्हटल्यावर घाबरला. त्याचं काही चुकलं नाही.”

“चुकलं असं कोण म्हणतंय?” बाई फटकन म्हणाल्या.

‘कॉलेजातल्या व्यक्ती’ म्हणजे विद्यार्थीच असं नियमात कुठेच नव्हतं. बाईंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त आपल्यावर सही करायची वेळ येऊ नये, एवढंच त्या महिनाभर मनात घोकत होत्या.

त्यांचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षं परगावी आपल्या जोडीदाराबरोबर राहत होता. त्याने कधी कुणापासून लपवलं नव्हतं. लपवत होत्या त्या बाईच. ‘नोकरीच्या धावपळीत लग्न राहून गेलं हो त्याचं,’ असं त्या सासरी सांगत. भावाला हे ठाऊक होतं, पण त्याने कधी चकार शब्द काढला नाही, आणि बाईंना तेच जास्त लागायचं. आता सख्खी नणंद याच कॉलेजच्या लायब्ररीत. बोर्डावर नाव लागलं की संध्याकाळपर्यंत ते घरी पोचलंच म्हणायचं.

बाईंनी पेन उचललं. जन्मभर केलेली सही, पण मधलं अक्षर पार लोळलं. त्यांनी स्वतःचं ओळखपत्र काढून शेजारी धरलं आणि चष्मा सारखा केला.

“जुळत नाही,” त्या म्हणाल्या. मग घोटभर पाणी प्यायल्या, सही खोडली आणि खाली ठसठशीत दुसरी केली.

सव्वाचारला यादी बोर्डावर लागली. साडेचारला नणंद खिडकीशी हजर.

“वहिनी, त्या यादीत तुमची सही कशी?”

“भावासाठी केली.”

“त्यांचा काय संबंध? त्यांचं लग्न तर नोकरीमुळे राहिलं ना?”

“नोकरीमुळे नाही,” बाई म्हणाल्या. “ते मी खोटं सांगत होते.”