उणे दहा किलो

नववीतून शाळा सुटली आणि मी लातूरकडून मुरबाडला एका छोट्या कारखान्यात आलो. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. झोपायलाही तिथंच, त्यामुळं काम गेलं तर छप्परही जाईल ही धाकधूक कायम. काट्याचा प्रोग्राम शहापूरहून येणाऱ्या ताई सी भाषेत लिहायच्या. तो कंपाइल करून, म्हणजे चिपला कळेल अशा रूपात आणून, चिपमध्ये भरायला त्यांनीच मला शिकवलं. कंपाइल करताना पडद्यावर दोन-चार वॉर्निंगा यायच्याच. शेठ म्हणायचे, "एरर नाय ना? मग चालू दे." वीस किलोच्या लोखंडी वजनाला काटा बरोबर दाखवायचा, म्हणून सगळ्यांनीच चालू दिलं.

एक काटा खर्डीकडच्या भातगिरणीत गेला आणि तिथून फोन आला, काटा भलतंच दाखवतोय. शेठनी मला पाठवलं. चिप मीच भरलेली.

तिथली पद्धत आम्हाला ठाऊकच नव्हती. पोतं खाली उतरवायचंच नाही. डोक्यावर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग नुसत्या माणसाचं वजन करून ते वजा करायचं. एक आजी अर्धं पोतं घेऊन चढल्या. काट्यावर आलं, उणे दहा किलो.

"म्हातारी झाले रे, पन उणी नाय झाले अजून."

"उतर गो आजी," गिरणीवाला म्हणाला, "नायतर उडून जाशील."

सगळे हसले. मला हसू येईना.

परत आल्यावर ताईंना म्हणालो, "चिप भरताना माझंच काही चुकलं असेल."

त्यांनी पुन्हा कंपाइल केलं आणि पहिली वॉर्निंग बोट ठेवून मराठीत वाचून दाखवली. "वजन ग्रॅममध्ये, म्हणजे मोठा आकडा. ठेवलाय long मध्ये, म्हणजे मोठ्या खणात. छापायला मात्र मी %d लिहिलंय, ते छोट्या आकड्यासाठी. बत्तीस किलोपर्यंत निभावतं, पुढं आकडा उलटून उण्यात जातो. हेच कंपाइलर रोज सांगत होता." %d चं %ld केलं, पडद्यावरची ती वॉर्निंग गेली. चिप भरून मी स्वतः काट्यावर चढलो. एक्कावन्न किलो.

शेठ आत आले. "कोनाची चूक?"

"माझी," ताई म्हणाल्या. "यानं मी लिहिलं तेच भरलं. आता वॉर्निंगा हा वाचेल. एक जरी राहिली तरी काटा बाहेर नाय जायचा."

"इंग्रजी येते का त्याला?"

"येईल. मला तरी कुठं येत होतं?"

शेठ मान हलवून गेले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ताई म्हणाल्या, "खाली अजून दोन वॉर्निंगा हायत. त्या वाच आधी."