मिटलेलं भांडण मशीनले कोण सांगन?

माह्या इहीणबाईले मशीननं आज कुरड्या नाकारल्या! राम राम ग्रुपवरच्या बायांनो, आता ऐका.

आपल्या पापड-कुरड्याच्या गिऱ्हाइकाईले फोनवर एआय उत्तर देते. त्यानं काय बोलायचं, ते माही सून लिहून ठेवते. पोरीच्या लग्नात तिच्या सासूनं माह्ये पापड खारट हायेत म्हटलं, तवा मीच सुनेले सांगतलं, "लिही, संग्रामपूरच्या इहिणीले माल द्यायचा नाही."

नातवाच्या बारशात आमचं भांडण मिटलं. सूचना तशीच राह्यली.

सकाळी इहीणबाईचा फोन आला. "काऊन हो, आता मशीनच्या आडून भांडता काय?"

मी सुनेवर तडकली, "जुनं पुसाले काय झालं होतं तुले?"

"आत्याबाई, मिटलं हे तुम्ही मलेच कुठं सांगतलं? मशीनले कसं समजन?"

पुसलं एकदाचं. आता दर वेळी पीठ भिजवायच्या आधी ती सगळ्या सूचना मले वाचून दाखवन. तुमच्या फोनात कोणाकोणाची जुनी भांडणं पडून हायेत, तेही पाहून घ्या.

इहीणबाई, कुरड्या बांधून ठेवल्या. किती पाहिजे, ते तुम्हीच लिहा. बाकीच्यांनी मधात बोलू नोका, अन् मशीननं तं तोंडच उघडू नये.