गावात घर कुठल्या बाजूला?

"गावात घर कुठल्या बाजूला?" डॉक्टरकाकांनी विचारलं.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातलं त्यांचं बेसमेंट. रविवार. तीसेक मराठी कुटुंबं जमलेली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी अमेरिकन सैन्यात दहा वर्षं काढून, सार्जंट होऊन बाहेर पडलो होतो. राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढवायची होती. पक्षाचा स्थानिक अध्यक्ष म्हणाला होता, आधी तुमच्या लोकांचं पाठिंब्याचं पत्र आण. इथल्या मराठी मंडळाचे प्रमुख डॉक्टरकाका; ते पत्र त्यांच्या सहीशिवाय मिळणार नव्हतं.

त्यांचा प्रश्न मला कळला. कुठल्याही मराठी माणसाला कळतो.

"गावाबाहेर," मी म्हणालो. "वडील छावणीत झाडू मारायचे."

काका हसले. कुत्सित नाही, अगदी मायेने. तेच जास्त लागलं.

"कसंय, इथे आपली एक इमेज आहे. डॉक्टर, इंजिनियर. तुम्ही आर्मीत होतात, चांगलंच आहे. पण आमच्या वतीने उभं राहायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मग खांद्यावर हात ठेवला. "तेवढ्या खुर्च्या लावून देता का? तुम्हाला सवय असेल."

मी लावल्या. चाळीस. सरळ रांगेत.

माझ्या बायकोने, सुनंदाने, मटकीची उसळ नेली होती. तिच्या पातेल्यात कुणी डाव घातला नाही. भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन ती गाडीत बसली.

"त्यांनी सांगितलं ते सांगितलं," ती म्हणाली. "तू का लावल्यास?"

मी ड्राइव्ह करत राहिलो. सैन्यात हुकूम पाळले ते शपथ घेऊन, स्वतःच्या मर्जीने. हा कुठला हुकूम? हा माझ्या बापाच्याही आधीपासून अंगात बसलेला. समुद्र ओलांडला, युनिफॉर्म चढवला, नागरिकत्व घेतलं. तरी निघाला नाही. त्या दिवशी मला काकांपेक्षा माझ्या हातांचा राग आला.

सोमवारी अध्यक्षाला फोन केला. पत्र नाही. आणणारही नाही.

"मग तुझ्यामागे आहे कोण?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. तरी उभा राहणार."

त्याने फोन ठेवला. मी पक्षाच्या पाठिंब्याशिवाय उभा राहिलो. दारोदार फिरलो. पडलो. दोन वर्षांनी पुन्हा उभा राहिलो आणि निवडून आलो. आता काकांचाच फोन. आपल्या माणसाचा सत्कार करायचाय म्हणे. नको म्हणालो.

वाटलं होतं, इथे तरी संपेल. विधिमंडळात मला पाहुण्यांच्या स्वागत समितीवर घातलं. मी कामगार समिती मागितली. निवडून आल्यावर मला आपलं म्हणू लागलेल्या पक्षाचे गटनेते म्हणाले, "यू आर सो गुड विथ पीपल." पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच ऐकवलं.

आता त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मागणार नाही. येत्या सत्रात भर सभागृहात उभा राहीन, त्यांचं नाव घेऊन विचारीन, मला का नाही. उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.