सोमवारचा पायगुण

लग्न होऊन मी हळ्ळीखेडला आले तो सोमवार होता. रझाकारांची धामधूम सरून तीनेक वर्षं झाली होती आणि लोक पुन्हा निवांत बसायला शिकले होते. सोमवारी आमच्या लिंगायतांत बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलांना सुटी म्हणजे माणसांनाही सुटी, आणि सुटीत आमची माणसं काय करायची? गावाबाहेरच्या कापसाच्या रिकाम्या शेडमध्ये घोंगडं टाकून तिर्रट खेळायची. प्रत्येकाला तीन पानं, ज्याची भारी तो जिंकला. बैल मात्र दिवसभर शहाण्यासारखे रवंथ करत बसायचे.

माझा नवरा हळदीच्या अंगानं त्या दिवशी तिथं गेला आणि सायकल जिंकून आला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सायकलीच्या हँडलला विभूती लावली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या सुनंचा पायगुण बघा गं!" जमलेल्या बायका हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

त्याला कारण होतं. आमच्या थोरल्या जाऊबाई माझ्या आधी चार वर्षं त्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आल्या होत्या. वर्षाच्या आत थोरले दीर पटकीनं गेले. पटकीनं त्या साली निम्मी गल्ली झोपवली होती, पण आमच्या घरात दोष लागला तो जाऊबाईंच्या पायांना. पांढऱ्या पायाची म्हणून त्यांना मादन हिप्परग्याला माहेरी पाठवलं, ते पुन्हा आणलंच नाही. हे मला लग्नाच्या आधीच ठाऊक होतं. ज्या घरात एकीचे पाय वाईट ठरले, त्या घरात माझे चांगले ठरत होते. चांगलं ठरवणारं तोंड तेच होतं.

दुसऱ्या सोमवारीही हे जिंकले. तिसऱ्यालाही. चौथ्या सोमवारी एक दुभती म्हैस घेऊन आले. गावात म्हणायला लागले, याला पानं लागायलीत, याच्या नादी लागू नका. मग माझ्यावर नियम आले. पहिल्या दिवशी हिरवं लुगडं होतं, म्हणून दर सोमवारी तेच हिरवं. हे निघताना मी भरली घागर घेऊन समोरून यायचं. आणि हे परत येईपर्यंत मी उंबरा ओलांडायचा नाही.

"कामून?" मी एकदा विचारलं.

"त्या दिवशी आत आल्यावर तू पुन्हा ओलांडला न्हवतास," हे म्हणाले. एवढंच. वर हसलेही. जिंकणाऱ्या माणसाला कारण पुरतं, खरं असो नसो.

अशा एका सोमवारी, दाराआड बसून बसून कंटाळले, तेव्हा मी माहेरून आणलेली एक कवडी काढली. मनात म्हटलं, उताणी पडली तर जीत, पालथी पडली तर हार. टाकत गेले आणि भिंतीवर कोळशानं रेघा ओढत गेले. एक जीत, दोन हारी, दोन जिती, एक हार. मग अचानक उताणी, उताणी, उताणी, अशी नऊ वेळा. माझ्या अंगावर काटाच आला. कवडीच्या घरी काही नवी सून आली नव्हती! मग कितीतरी सोमवार मी हाच उद्योग केला. लांबच लांब जिती यायच्या आणि तशाच लांबच लांब हारी यायच्या. मी हिरवं नेसले काय नि तांबडं नेसले काय, कवडीला त्याचं सोयर ना सुतक. म्हणजे ह्यांच्या जिती माझ्या नव्हत्याच. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. उलट माझी झोप उडाली, कारण जे आपोआप आलंय ते आपोआप जाणार होतं. आणि गेलं की हिशेब कुणाच्या पायांशी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दिवाळीनंतर हे हरायला लागले. पहिल्या सोमवारी सायकल गेली. दुसऱ्या सोमवारी म्हैस. तिसऱ्या सोमवारी आत्याबाई नुसत्या माझ्या पायांकडं बघत राहिल्या. मी भाकरी थापत होते, पाय लुगड्यात ओढून घेतले.

"कुठं ओलांडलास का गं उंबरा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

"मग असं कसं व्हायलंय?"

चौथ्या सोमवारी मी धीर केला. हे निघायच्या आधी कवडी त्यांच्या हातात दिली, भिंतीवरच्या रेघा दाखवल्या आणि म्हणाले, "बघा, हिचं हिचंच जितणं-हरणं चालतंय. माझ्या पायाचा काही संबंध न्हाई. तुम्हीच टाकून बघा." मला वाटलं, दोन-चार सरळ-उलट्या पडतील आणि ह्यांच्या डोक्यात उजेड पडेल.

त्यांनी टाकली. उताणी. पुन्हा उताणी. मी मनात म्हणत होते, पड गं बाई एकदा पालथी. ती सात वेळा उताणी पडली.

हे उभेच राहिले. डोळे चमकत होते. "आला बघ! तुझा गुण परत आला!" म्हणाले, आणि माझ्या हातातल्या चांदीच्या पाटल्या काढून घेऊन शेडकडं निघून गेले. मी शहाणपणा शिकवायला गेले आणि आपल्या हातानं माझी पाटी पुसून बसले.

ती दुपार मला अजून आठवते. आत्याबाई ओसरीवर आणि मी उंबऱ्याच्या आत. तेवढ्यात मादन हिप्परग्याहून एक म्हातारे आले, थोरल्या जाऊबाईंचे वडील. आमच्यातल्या रीतीनं "शरणार्थी" असा नमस्कार घालून कोपऱ्यात टेकले. त्यांचं म्हणणं थोडकंच होतं. "मी आता थकलोय. माझ्या माघारी माझी पोरं तिला ठेवून घ्यायची न्हाईत. तिला एक कोपरा द्या. दोन भाकरींवर राबंल." मी आतून सगळं ऐकत होते आणि सगळा जीव शेडच्या वाटेकडं लागला होता.

उन्हं उतरताना हे आले. पाटल्या परत, वर म्हैस. आत्याबाईंनी उठून माझी दृष्ट काढली आणि म्हाताऱ्यांसमोरच मला विचारलं, "आता तूच सांग. ती आत आल्यावर तुझा पायगुण टिकंल का?"

त्या घरात हे फक्त मलाच माहीत होतं की पायगुण असा काही नसतो, माझाही नाही आणि जाऊबाईंचाही नाही. सांगायला एवढं वाक्य पुरलं असतं. पण माझा नाही असं म्हटलं की उद्याच्या हारीला मी उघडी पडत होते, आणि आहे म्हटलं की जाऊबाई बाहेर. म्हाताऱ्यांचे डोळे माझ्यावर होते.

"न्हाई टिकणार, आत्याबाई," मी म्हणाले.

म्हातारे "बरं हाय माय" म्हणून उठले. जोडे घालताना त्यांचा तोल गेला, ह्यांनी धरलं. ते गल्लीच्या वळणाला दिसेनासे झाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढच्या सोमवारी हे हरून घरी आले.